थांबण्याचा वेळ आधी बदलून पाहा

ज्यांचे हात नीट चालत नाहीत त्यांच्यासाठी स्क्रीनवरचा कीबोर्ड फार संथ, त्यापेक्षा बोलून टायपिंग बरं, असं काही जण म्हणतात. पण स्नायूंच्या आजारात हातांसोबत उच्चारही अस्पष्ट होऊ शकतो. शिवाय पासवर्ड मोठ्यानं कसा सांगणार?

विंडोजमधला कीबोर्ड (विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबून उघडतो) बहुतेक जण फक्त क्लिक करूनच वापरतात. त्याच्या 'ऑप्शन्स'मध्ये आणखी दोन पद्धती आहेत. एकीत कर्सर कळीवर ठरावीक वेळ थांबला की अक्षर उमटतं. दुसरीत कळा ओळीओळीनं आपोआप उजळत जातात आणि हवी ती आली की एकच बटण दाबायचं. ज्यांचं एकच बोट हलतं त्यांच्यासाठी ही दुसरी पद्धत म्हणजे लिहिता येणं आणि न येणं यातला फरक आहे. पहिल्या पद्धतीत हात थरथरत असेल तर कर्सर थांबण्याचा वेळ थोडा वाढवा, नाहीतर नको त्या कळा उमटतात आणि माणूस थकून सोडून देतो.

मराठीची अडचण मात्र खरी आहे. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीत 'विद्यार्थी' लिहायला शिफ्टची कळही मोजली तर 11 कळा लागतात. प्रत्येकीवर 1 सेकंद थांबायचं तर एका शब्दाला 11 सेकंद, कर्सर हलवण्याचा वेळ वेगळाच. म्हणून मराठीत चांगली शब्दसूचना (टाइप करताना पुढचा शब्द सुचवणारी सोय) असणं मला सगळ्यात निकडीचं वाटतं. केंब्रिज विद्यापीठातल्या डेव्हिड मकाय यांच्या गटाचं 'डॅशर' हे लिहिण्याचं सॉफ्टवेअर पुढचं ओळखण्याच्या याच विचारावर उभं आहे: पुढे येण्याची शक्यता जास्त असलेल्या अक्षराला पडद्यावर जास्त जागा.