टायमर 'बंद करणे' की आणखी काही? शब्द हवा

टिपणवाली : सोलापुरात इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी लिनक्स ड्रायव्हरवर मराठी टिपणं लिहितेय. एका जागी अडलेय. टायमर म्हणजे ठरल्या वेळी काम सुरू करणारा गजर. टायमर_डिलीट हे फंक्शन असा लावलेला टायमर काढून घेतं, पण त्याचं कॉलबॅक (वेळ झाली की चालणारं फंक्शन) दुसऱ्या सीपीयूवर सुरू झालं असेल तर ते चालूच राहतं. टायमर_डिलीट_सिंक ते संपेपर्यंत थांबतं. दोन्हींना मी 'रद्द करणे' लिहिलं. 2023 मध्ये लिनक्स कर्नलच्या 6.2 आवृत्तीत टायमर_शटडाउन_सिंक आलं. ते केल्यावर कुणी मॉड_टायमर (टायमर नव्या वेळेला लावणारं फंक्शन) केलं तरी टायमर लागत नाही. त्याला 'बंद करणे' लिहिलं, तर एक मुलगा म्हणाला, "मॅडम, बंद केलेलं परत चालू करता येतंच की." खरंय त्याचं.

विणकराचा नातू : 'मोडीत काढणे'. आमच्या अक्कलकोट रोडला माग बंद असला तरी बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) चढवला की खडखड सुरू. मोडीत निघाला म्हणजे भंगारात गेला. किती माग तसे जाताना पाहिलेत.

टिपणवाली : दादा, शब्द मनात बसला. पण शटडाउननंतर टायमर मेमरीत जागेवरच असतो. टायमर_सेटअप, म्हणजे सुरुवातीची मांडणी, नव्याने केलं तर वापरताही येतो. भंगारातला माग परत येत नाही.

होटगी रोड : 'निष्क्रिय करणे' हा सरळ मराठी शब्द असताना भंगार कशाला?

विणकराचा नातू : निष्क्रिय संस्कृत आहे हो काका, मोडीत आमचा आहे. आणि निष्क्रिय तर नुसता न लावलेला टायमरही असतो.

आजीचं दुकान : माझी आजी दुकान 'बंद' म्हणू द्यायची नाही. 'वाढवलं' म्हणायची. बांगडीही वाढते, नारळही वाढवतात. टायमर वाढवावा.

टिपणवाली : नको ताई! टायमर वाढवला म्हणजे मुदत पुढे ढकलली, तेच तर मॉड_टायमर. टायमर वर्क (मागाहून करायचं काम) रांगेत लावतो, वर्क पुन्हा टायमर लावतं, या फेऱ्यात टायमर_डिलीट_सिंक करूनही टायमर जिवंत होतो आणि त्याची मेमरी मोकळी केल्यावरही चालतो. शटडाउन आणलं ते त्यासाठीच. 'वाढवणे' लिहिलं तर नेमका उलटा अर्थ व्हायचा.

धातुपाठ : 'वाढवणे' नुसता शुभशब्द नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत, 'वर्ध छेदनपूरणयोः' आहे : कापणे आणि भरणे, दोन्ही. वर्धकि म्हणजे सुतार, हिंदीतला बढई त्यातूनच. नारळ वाढवण्यात तो जुना 'कापणे' शिल्लक आहे, असं माझं ठाम मत.

आजीचं दुकान : मग दुकान कुठे कापतात? अशुभ बोलू नये म्हणूनच उलटा शब्द. दिवाही आपण मालवतो, विझवत नाही.

होटगी रोड : मालवणे तर 'मावळणे'चंच रूप असावं.

धातुपाठ : ते वेगळं, त्यावर उद्या सविस्तर लिहितो.

टिपणवाली : उद्या सकाळी टिपणं छपाईला जातायत. तूर्त 'शटडाउन करणे' ठेवते.

विणकराचा नातू : मॅडम, कंसात तरी 'मोडीत' लिहा.