पाळणा आणि हप्ते : बाळ येण्याआधी कर्ज कसं आवरायचं, शिल्लक कशी उभी करायची?

घराचा हप्ता चालू आहे, लग्नासाठी काढलेलं पर्सनल लोन अजून फिटलेलं नाही, कार्डावर थोडी बाकी आहे आणि आता बाळाची चाहूल लागली आहे. अशा घरांसाठी हा धागा. 'खर्च कमी करा' हे कुणाला सांगायला नको. इथे आकडे हवेत. कुठलं कर्ज आधी फेडायचं, रोख किती ठेवायची, कुठला कागद कधी लागतो, पैसे कुठे अडकतात ते लिहा. स्वतःची कहाणी नको, बँकेचं किंवा हॉस्पिटलचं नाव नको.

सुरुवात मी करते. एका कागदावर प्रत्येक कर्जाचे पाच रकाने करा: शिल्लक बाकी, व्याजदर, हप्ता, उरलेले हप्ते, आधी फेडल्यास दंड. दुसऱ्या कागदावर बाळंतपणाची तारीख आणि पगार कमी येणारे महिने. समजा दोघांचे मिळून ८५,००० हातात येतात, त्यातले ३५,००० तिचे. हप्ते ३२,००० आणि घरखर्च ३०,०००. पगारी रजा संपल्यावर तिने तीन महिने बिनपगारी घेतले तर येणार ५०,००० आणि जाणार ६२,०००, वर बाळाचे ८,०००. म्हणजे महिन्याला २०,००० ची तूट, तीन महिन्यांत ६०,०००. बाळंतपणाला खिशातून ८०,००० लागतील असं धरलं तर १,४०,००० झाले. ही रक्कम हातात येईपर्यंत एकाही कर्जात जादा पैसा भरू नये, असं माझं ठाम मत आहे. अपवाद फक्त क्रेडिट कार्डाचा.

*

बँकेच्या कर्ज विभागातून

ताई, कार्डाचा अपवाद बरोबर केलात. ६०,००० बाकी आणि महिना ३.५ टक्के व्याज धरा. व्याज २,१००, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३७८, एकूण २,४७८. तुम्ही ३,००० भरलेत तर मुद्दल फक्त ५२२ ने उतरलं. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. त्या महिन्यात आणलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून आधी कार्ड वापरायचं थांबवा, मग फेडा. एकरकमी जमत नसेल तर ती बाकी हप्त्यांत बदलून घ्या. दर कार्डाच्या निम्म्याहूनही कमी मिळू शकतो.

दुचाकीचं किंवा टीव्ही-फ्रिजचं कर्ज घेताना दर 'फ्लॅट' आहे का ते विचारा. १ लाख रुपये, ३ वर्षं, १० टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ३०,००० आणि हप्ता ३,६११. तुम्ही मुद्दल दर महिन्याला परत करत असता, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर. घटत्या बाकीच्या हिशेबाने हा दर १८ टक्क्यांच्या जवळ जातो. शेजारी १४ टक्के घटत्या दराचं कर्ज असेल तर तेच स्वस्त आहे.

गृहकर्जाची घाई या काळात करू नका. ३० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं असा हप्ता २६,०३५ बसतो. पहिल्या महिन्यात त्यातले २१,२५० व्याजात जातात, मुद्दल उतरतं ४,७८५. दर वर्षी एक हप्ता जादा भरला तर कर्ज सव्वातीन-साडेतीन वर्षं आधी संपतं, आणि बदलत्या दराच्या कर्जावर बँक व्यक्तीकडून मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ शकत नाही. हे सगळं खरं, पण ती सोय पाच वर्षांनीही असणारच आहे. बाळासाठी ठेवलेले पैसे मात्र एकदा गृहकर्जात गेले की साध्या कर्जखात्यातून परत काढता येत नाहीत. कर्ज ओव्हरड्राफ्ट प्रकारचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे पैसे टाकले की व्याज थांबतं आणि लागले तर काढता येतात. दर थोडा जास्त असतो, पण अशा घरांना मी हाच प्रकार सुचवतो.

*

हिशेबाचं काम करणारी, नाशिक

दरानुसार फेडायचं हे तत्त्व बरोबर आहे, पण पगार कमी होणार असेल तर मोजमाप बदलावं लागतं. प्रत्येक कर्जाची बाकी भागिले हप्ता करा. आकडा जितका लहान, तितका एका रुपयात जास्त हप्ता सुटतो.

उदाहरणार्थ, एका पर्सनल लोनची बाकी ९०,०००, हप्ता ६,२००: आकडा साडेचौदा. दुसऱ्याची बाकी २,४०,०००, हप्ता ८,०००: आकडा ३०. ९०,००० घातले की दर महिन्याचे ६,२०० मोकळे होतात. आणि गृहकर्जात? वरच्याच उदाहरणात सुरुवातीला २ लाख भरून हप्ता कमी करून घेतला तर तो उतरतो जेमतेम १,७३६ ने. दुप्पट पैसे घालूनही दिलासा तिसऱ्या हिश्शाइतकाच.

चूक होते ती अशी: दुचाकीचे सहाच हप्ते उरलेले असतात, आकडा सगळ्यांत लहान येतो आणि लोक तिकडे पैसे घालतात. बाळ सात महिन्यांनी येणार असेल तर तो हप्ता आपोआपच संपतोय. तिथे जादा पैसा घालून काही साधत नाही.

पर्सनल लोन आधी बंद करताना दंड पाहा. स्थिर दराच्या कर्जावर २ ते ५ टक्के आणि वर जीएसटी, असं करारात असू शकतं. शेवटचे सहा-आठ हप्ते उरले असतील तर वाचणारं व्याज आणि दंड जवळजवळ सारखेच निघतात.

*

पगारदार पतसंस्थेच्या कामकाजातून, सांगली

ज्यांचं कर्ज नोकरदारांच्या पतसंस्थेचं आहे त्यांच्यासाठी. हप्ता, वर्गणी, शेअर्सची कपात असं सगळं पगारातूनच कापलं जातं. बिनपगारी रजेत पगारच निघत नाही, त्यामुळे कपात होत नाही, कर्ज थकतं आणि नोटीस जामीनदारांना जाते. जामीनदार म्हणजे शेजारच्या टेबलावरची सहकारी. कारण नसताना संबंध खराब होतात. रजेवर जाण्याआधी सचिवांना लेखी अर्ज द्या, हप्ता बँकेतून परस्पर भरण्याची सोय करा आणि प्रत्येक भरण्याची पावती घ्या. वर्गणी तेवढे महिने कमी करून मिळते का, हेही विचारा. काही ठिकाणी पोटनियमात तशी सोय असते.

ठेवींबद्दलही. बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा १ लाखावरून वाढली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. दीड-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून बाळंतपणाचे पैसे पतसंस्थेत ठेवू नका. शेअर्सवरचा लाभांश घ्या, ओळखीच्या संस्थेत थोडी ठेवही ठेवा, पण ज्या पैशांची तारीख ठरलेली आहे ते बँकेतच ठेवा.

भिशीचं म्हणाल तर, दहा जणींची ५,००० ची भिशी असेल आणि नंबर ठरवून घेता येत असेल तर बाळंतपणाच्या आधीचा महिना मागून घ्या. नंतर हप्ते भरायचे आहेत हे तुटीच्या हिशेबात धरा. लिलावाच्या भिशीत दुसऱ्याच महिन्यात ५०,००० ची भिशी ४४,००० ला उचलणं म्हणजे ६,००० व्याज देऊन कर्ज काढणंच आहे.

*

हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवरून

'पॅकेज किती?' एवढंच विचारून लोक जातात. त्यात काय धरलेलं नाही ते विचारा. साधारण बाहेर असतात ते: बाळाच्या डॉक्टरांची जन्मावेळची फी, कावीळ झाली तर निळ्या दिव्याखाली ठेवण्याचे दिवस, रक्त, कळा कमी करायचं इंजेक्शन, ठरल्यापेक्षा जास्त मुक्काम आणि एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग. साध्या आणि सिझेरियन, दोन्हींचा अंदाज सातव्या महिन्यातच लेखी घ्या. शिल्लक सिझेरियनच्या आकड्यावर ठरवा.

विम्यात सर्वात जास्त फटका बसतो तो खोलीभाड्याच्या मर्यादेमुळे. पॉलिसी ३ लाखांची आणि खोलीभाडं १ टक्का म्हणजे दिवसाला ३,०००. तुम्ही ६,००० ची खोली घेतलीत तर कापला जातो तो फक्त जादा भाड्याचा फरक नव्हे. खोलीनुसार बदलणारे डॉक्टरांच्या फीसारखे खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे कापले जातात. बिल हातात आल्यावर नातेवाइकांचे चेहरे पाहवत नाहीत. पॉलिसीत बसणारी खोलीच घ्या.

कंपनीच्या गट विम्यात बाळंतपणाची मर्यादा वेगळी असते, एकूण रकमेइतकी नव्हे. बाळाचं नाव पॉलिसीत घालायला ठरावीक दिवस असतात. एचआरचा ईमेल पत्ता आणि मुदत आधीच नवऱ्याच्या फोनमध्ये नोंदवून ठेवा. ते काम आईवर टाकू नका. स्वतंत्र पॉलिसीत बाळंतपणासाठी प्रतीक्षाकाळ असतो, काहींत नऊ महिने तर काहींत दोन ते चार वर्षं. चाहूल लागल्यावर घेतलेल्या पॉलिसीचा या बाळंतपणाला उपयोग नाही.

*

दोन लेकरांची आई, लातूर

नवजात बाळाला दिवसाला आठ डायपर धरले, एक ११ रुपयांना, तर महिन्याचे २,६०० च्या वर. दिवसा सुती लंगोट आणि रात्री एकच डायपर असं केलं तर साडेतीनशेत भागतं. त्यासाठी लंगोट तीसेक हवेत, पावसाळ्यात चाळीस, कारण वाळत नाहीत. जुन्या सुती साडीचे, दोन पदरी, कडा आतून शिवलेले. दुपटी दहा. झबली नवीन घेऊ नका, तिसऱ्या महिन्यात लहान होतात आणि बारशाला ढीगभर येतात.

लसी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात मोफत आहेत. बीसीजी, पोलिओ, ६, १० आणि १४ आठवड्यांची पेंटा, रोटा, न्यूमोकोकलची पीसीव्ही, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. खासगीत याच लसींचे हजारो रुपये जातात. कार्ड जपा, शाळेत मागतात.

*

अंगणवाडीच्या कामातून

मिळणारे पैसे लोक अर्ज न केल्याने सोडून देतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० दोन हप्त्यांत, आणि दुसरं बाळ मुलगी असेल तर ६,००० एकदम. अटी आहेत, त्या अंगणवाडी सेविकेकडे किंवा आशाताईंकडे विचारा. बँक खातं आईच्या नावाचं आणि आधारशी जोडलेलं हवं. बहुतेक अर्ज इथेच अडतात, कारण आधारवर माहेरचं नाव असतं आणि पासबुकात सासरचं. ही दुरुस्ती पाचव्या महिन्याच्या आत करून घ्या.

पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी १ एप्रिल २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेली असेल तर 'लेक लाडकी' योजना आहे: जन्मावेळी ५,०००, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि १८ पूर्ण झाल्यावर ७५,०००. एकूण १,०१,०००. उत्पन्नाचा दाखला लागतो.

पगार २१,००० पर्यंत असेल आणि ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) कापली जात असेल तर २६ आठवड्यांचा पगार तिथून मिळतो. त्यासाठी आधीच्या दोन वर्गणी-कालावधींत (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. म्हणून गरोदरपणात नोकरी बदलताना ते दिवस मोजा.

जन्मनोंद २१ दिवसांत करून घ्या, शुल्क पडत नाही. नाव ठरलं नसेल तरी नोंद थांबवू नका, नाव १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या बाळांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो.

*

पोस्टातल्या बचत खात्यांबद्दल

सुकन्या समृद्धी हे मुलीच्या नावाचं खातं ती १० वर्षांची होईपर्यंत उघडता येतं. वर्षाला किमान २५०, जास्तीत जास्त दीड लाख. पैसे १५ वर्षं भरायचे, खातं २१ वर्षांनी पूर्ण होतं. दर जानेवारी २०२४ मध्ये ८.२ टक्के झाला, सरकार तो दर तिमाहीला ठरवतं. पीपीएफला एप्रिल २०२० पासून ७.१. दोन्हींत ५ तारखेच्या आत भरलेल्या पैशालाच त्या महिन्याचं व्याज मिळतं. ६ तारखेला भरलं की महिना गेला.

पण कार्ड किंवा पर्सनल लोन चालू असताना सुकन्यात मोठी रक्कम घालू नका. २५० भरून खातं जिवंत ठेवा आणि कर्ज संपल्यावर तोच हप्ता तिकडे वळवा. करबचतीसाठी म्हणूनही घाई नको, कारण ८० सी ची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

*

विम्याबद्दल थोडंच

कर्ज असलेल्या माणसाने मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घेताना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्यावा. पैसे बायकोमुलांसाठी विश्वस्त निधी म्हणून राखले जातात, देणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. ही निवड अर्ज भरतानाच करायची असते, नंतर करता येत नाही. गृहकर्जाबरोबर बँक जो विमा देते त्याचा एकरकमी हप्ता कर्जात मिसळला जातो, त्यावर २० वर्षं व्याज भरावं लागतं आणि संरक्षण बाकीबरोबर घटत जातं. बाळ येणाऱ्या घराला स्वतंत्र पॉलिसीच बरी.

*

बँकेच्या कर्ज विभागातून, पुन्हा

कर्ज फिटल्यावरचं राहिलं. 'सेटलमेंट' करून कमी पैशांत सुटका होते असं कुणी सांगितलं तर त्या शब्दाचा अर्थ विचारा. सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीत, 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' लागतं आणि पुढचं गृहकर्ज तिथे अडतं.

पूर्ण फेड झाली की बाकी नसल्याचा दाखला घ्या. हप्त्याचा ऑटो-डेबिट आदेश रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचा हप्ता पुन्हा कापला जाऊ शकतो. दिलेले कोरे चेक मोजून परत घ्या. गाडी असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला घेऊन आरसीवरचा बोजा काढा, विमा पॉलिसीवरचाही. जमिनीवर कर्ज असेल तर सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा आपोआप उतरत नाही. दाखला जोडून तलाठी कार्यालयात अर्ज द्या आणि फेरफार झाल्यावर नवा उतारा काढून पाहा. घराचे मूळ कागद ३० दिवसांत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर १ डिसेंबर २०२३ पासूनच्या नियमाने दिवसाला ५,००० भरपाई आहे. कागद घेताना कर्ज घेतेवेळी मिळालेली यादी समोर ठेवा आणि इंडेक्स-टूपासून (घराच्या दस्तनोंदणीचा उतारा) शेवटच्या पावतीपर्यंत एकेक टिक करूनच सही करा.