साक्षी आणि हुतात्मा

‘मरण ओढवून घेतलं की ख्रिस्ती परंपरेत संतपद मिळालंच’ असं कुणीकुणी म्हणतं, ते काही पटत नाही. स्मुर्ण्याच्या (आजच्या तुर्कस्तानातलं शहर) पॉलिकार्पचीच गोष्ट बघा, साधारण इ.स. 155 ची; रोमन राजवटीत श्रद्धेपायी मारला गेला आणि संत मानला गेला तो. म्हातारा बिशप, लोकांच्या आग्रहाखातर गावाबाहेरच्या मळ्यात जाऊन राहिला होता. शिपाई धरायला आले तर त्यांना आधी जेवायला वाढायला लावलं आणि स्वतःसाठी तासभर प्रार्थनेची सवलत मागितली. त्याच्या मृत्यूच्या त्या जुन्या वृत्तान्तातच फ्रुगिया प्रांतातला क्विंटस नावाचा एक उत्साही गडी आहे. आपणहून पुढे झाला, चार जणांनाही भरीस घातलं, आणि अंगावर सोडायची श्वापदं दिसल्याबरोबर गळपटून रोमन देवांना बळी द्यायला तयार झाला! लिहिणारा स्पष्ट म्हणतो, आपणहून पुढे होणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही.

आणखी एक. इंग्रजी ‘मार्टर’चा मूळ ग्रीक शब्द ‘मार्तुस’, म्हणजे साक्षीदार, अगदी कोर्टातलासुद्धा. मराठी बायबलात स्तेफनाला, म्हणजे पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याला, ‘साक्षी’च म्हटलंय. आम्ही सोलापूरकर ‘हुतात्मा’ शब्द इंग्रजांनी 12 जानेवारी 1931 ला फाशी दिलेल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी शिकलो. शाळेत असताना 12 जानेवारीला झेंडूचे हार घेऊन तिथे रांगेत उभं राहायचो. त्या शब्दात आहुती आहे, साक्ष नाही. पण त्या चौघांतल्या कुर्बान हुसेन यांना घरी आजोबा ‘शहीद’ म्हणायचे, आणि त्या अरबी शब्दाच्या मुळाशी पुन्हा साक्षच.