बी विंग ग्रुप: शनिवारच्या चार बाटल्या

बी ७०२: काल आमच्याकडे वाईन चाखायला बसलेल्या सहाही जणांचे मार्क जुळवून झाले. बाटल्या पेपरात गुंडाळून वर नुसते १ ते ४ आकडे टाकले होते, त्यामुळे वशिल्याला वाव नव्हता. प्रत्येकी वीसपैकी मार्क. ३ नंबर पहिली, १ दुसरी, २ तिसरी. ४ साफ नापास. आता कागद काढतो: ३ म्हणजे चिलीची कार्मेनेर, १ अर्जेंटिनाची माल्बेक, २ ऑस्ट्रेलियाची शिराझ, ४ इटलीची कियान्ती. चारही रेड वाईन, दोन हजारांच्या आतल्या, आणि ४ त्यांतली सगळ्यात महाग.

बी १०१: म्हणजे मी आणलेली. आणि तिला सगळ्यात कमी मार्क मीच दिलेत, वीसात पाच.

ए ३०४: एवढे पैसे घालून आंबट पाणी प्यायचं कशाला म्हणते मी. आपलं नाशिक काय वाईट आहे?

बी ७०२: वाईट कोण म्हणतंय वहिनी. पण बाहेरची महाग का पडते ते बघा. आयात वाईनवर वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क आहे. तिकडून पाच डॉलरला निघालेली बाटली बंदरातच साडेबाराची होते. मग राज्याचा कर, आयातदार, दुकानदार. म्हणजे आपण एकोणीसशे मोजतो तेव्हा बाटलीत वाईन असते जेमतेम तीन-चारशेची. ऑस्ट्रेलियाशी करार झाला, तो २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. त्यात पाच ते पंधरा डॉलरच्या बाटलीचं शुल्क आधी १०० टक्क्यांवर आलं, दहा वर्षांत ५० वर यायचंय.

बी २०१: मी वाईनमधलं काही कळत नसलेला माणूस. पण ३ नंबरला ढोबळी मिरची चिरल्यासारखा वास आला, हे मी कागदावर लिहिलंय. सुनेने हसून घेतलं.

बी ७०२: काका, तुम्हीच बरोबर! कार्मेनेरची ती खूणच आहे. द्राक्ष नीट पिकलं नाही तर तो वास फारच चढतो, पिकलं तर मागे हलका राहतो. या द्राक्षाची गंमत म्हणजे मूळ फ्रान्समधल्या बोर्दोचं. एकोणिसाव्या शतकात तिकडे वेलींना कीड लागून ते जवळपास नाहीसं झालं. चिलीत मात्र ते मर्लो हे दुसरंच द्राक्ष समजून लावलेलं होतं. १९९४ मध्ये ज्यां-मिशेल बुर्सिको नावाच्या फ्रेंच तज्ज्ञाने वेली बघून सांगितलं, अहो ही मर्लो नाही. शेजाऱ्याला शंभर वर्षं भलत्याच नावाने हाक मारावी तसं झालं.

सी ५०३: शिराझवर अन्याय झाला असं माझं मत. पहिल्या फेरीत नुसतं स्पिरिट नाकात गेलं.

बी ७०२: ती चूक माझी. "रेड वाईन रूम टेम्परेचरला" हे ज्यांनी लिहिलं त्यांची रूम थंड देशातली, १६-१८ अंशांची. आमचा हॉल काल ३१ होता. दुसऱ्या फेरीआधी बाटली पंचवीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली, तर तीच शिराझ काळ्या मिरीची आणि जांभळाची लागायला लागली. सी ५०३ ने आपले मार्क ९ चे १३ केले, खाडाखोड कागदावर दिसते. पण नियम ठरला होता, पहिल्या फेरीचेच धरायचे.

सी ५०३: नियम बदला मग.

ए ३०४: आणि माझ्या सुक्या मटणाला कोणी काही बोललंच नाही!

बी २०१: मटण फक्कड. पण त्यावर माल्बेकचा घोट घेतला तर तोंडाला आग. तिखटाने तुरटपणा आणि दारू दोन्ही चढतात बहुतेक. कोथिंबीर वडीबरोबर तीच माल्बेक गोड लागली. बोंबलाबरोबर कोणी रेड घेऊ नका, तोंडात नाणं धरल्यासारखं होतं.

बी १०१: माझ्या ४ नंबरचं काय ते सांगा. इटलीवाले असं पाणी विकतात का?

बी ७०२: इटलीचा दोष नाही हो. कियान्ती आंबटसर, चेरीच्या अंगाची, जिभेला आमसुलासारखं पाणी आणणारी हवी. तुमची शिजलेली लागली. मुरांब्याचा पाक जरा करपला तर लागतो तसं. बूच मी जपून ठेवलंय: मानेतून दोन-तीन मिलिमीटर वर आलेलं, आणि एका बाजूला वरपर्यंत लाल ओघळ. बाटली तापली की आतली वाईन फुगते, बूच ढकलते. पावसात भिजलेल्या पेपरचा वास आला असता तर बुचाचा दोष म्हटलं असतं. हा उन्हाचा आहे. दुकानात कुठे ठेवली होती?

बी १०१: शोकेसमध्ये. दर्शनी, दिव्याखाली. दुपारचं ऊन येतं खरं तिथे. "इम्पोर्टेड आहे साहेब, खराब होत नाही" म्हणाला.

बी ७०२: झालं तर. या किमतीच्या वाईन मुरवायला नसतातच, दोन-चार वर्षांत संपवायच्या. साल बघा, बूच हाताला वर लागतंय का बघा, आणि शोकेसमधली घेऊ नका. फिरकीचं झाकण दिसलं की नाक मुरडू नका, कालच्या पहिल्या दोघी फिरकीच्याच होत्या.

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या सूचनांसाठी आहे. परमिट वगैरे आहेत ना सगळ्यांची?

बी ७०२: आहेत साहेब.

सेक्रेटरी: लॉबीत पेपरात गुंडाळलेल्या चार रिकाम्या बाटल्या कोणाच्या आहेत तेही आता कळलं. उचलाव्यात.

बी १०१ (संध्याकाळी): बूच घेऊन दुकानात जाऊन आलो. उघडलेली बदलत नाही म्हणाला. मग कपाटामागून, एसीच्या खालून, तीच बाटली काढून दिली आणि वर म्हणतो, "जाणकार गिऱ्हाइकांना आम्ही इथूनच देतो." घेतली नाही. चिलीची आणलीय, फ्रीजच्या दारात उभी आहे.