मानपत्रासाठी मराठी-इंग्रजी दोन्हीला शोभणारा वळणदार फॉन्ट सुचवा

सांगलीचा_डीटीपीवाला:
नमस्कार मंडळी, विश्रामबागला छोटंसं डीटीपीचं काम आहे माझं, पत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स असलंच. आता एका शाळेतनं मानपत्राचं काम आलंय, मुख्याध्यापक रिटायर होतायत, ए थ्री साइज, सोनेरी फॉइलमध्ये करून फ्रेम करणार. वर मराठी मजकूर आणि खाली दोन ओळी इंग्रजी. संस्थेवाले म्हणतायत अक्षर राजेशाही पाहिजे, पत्रिकेसारखं नको. इंग्रजीला जुन्या सर्टिफिकेटवर असतात तसली तिरकी शेपट्यावाली अक्षरं, ग्रेट व्हाइब्स लावून बघितला, झकास दिसतोय, पण त्यातच मराठी टाइप केलं की साधं मंगल फॉन्टसारखं काहीतरी येतंय. मराठीत तसाच कुठला आहे का? कोरल एक्स सेवन वापरतो.

बोरू_आणि_दौत:
ग्रेट व्हाइब्समध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, त्यामुळं सॉफ्टवेअर दुसऱ्या फॉन्टमधनं उचलून दाखवतंय. आणि "तसाच" शोधत बसू नका. ती इंग्रजी अक्षरं टोकदार निबाची, खाली येताना दाब दिला की जाड, वर जाताना सोडला की केसाएवढी बारीक. आपलं जाड-बारीक येतं ते बोरूच्या तिरक्या कापामुळं, दाबाचा संबंध नाही. म्हणून मराठी अक्षर इटॅलिक करून तिरकं ढकललं की ते राजेशाही दिसत नाही, नुसतं पडल्यासारखं दिसतं. मथळ्याला अमिता बघा, फुकट आहे, त्यातली देवनागरी पुण्याच्या मॉड्युलर कंपनीची, म्हणजे श्रीलिपी हे मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांचीच. कलम नावाचा फॉन्ट मात्र नको, छान आहे पण चिठ्ठी लिहिल्यासारखा वाटतो. आणि वळणदार फॉन्ट फक्त "मानपत्र" आणि सरांचं नाव एवढ्यालाच, आतल्या मजकुराला टिरो देवनागरी मराठी लावा, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर बऱ्याच फॉन्टात हिंदी वळणाचे येतात आणि मराठीच्या मास्तरांच्या मानपत्रावर ते बरं दिसत नाही.

कऱ्हाडकर_७७:
फॉन्ट कुठलाही घ्या पण आधी आमच्या गावाचं नाव टाइप करून बघा 😀 कऱ्हाड. तो अर्धा र नीट आला तर फॉन्ट मराठीचा, रफार होऊन "कर्हाड" झालं किंवा पाय मोडका दिसला की गडबड आहे समजायचं. इनस्क्रिप्ट कीबोर्डला शिफ्ट दाबून जे, त्यानं ऱ येतो, मग हलन्त, मग ह. तसंच "वाङ्मय", "दुसऱ्या", "राष्ट्र" हे पण. शाळेचं मानपत्र म्हटल्यावर वाङ्मय येणारच कुठंतरी.

मिरज_प्रेस:
फॉइल म्हणताय म्हणून सांगतो, त्या बारीक रेघा स्क्रीनवर देखण्या दिसतात आणि फॉइलला तुटतात नाहीतर दोन रेघांच्या मधे भरून येतात. इंग्रजी ओळ लहान ठेवू नका, ए थ्रीवर जागा आहे की. दुसरं म्हणजे ओळ रुंद करायला अक्षरांमधलं अंतर ओढू नका, इंग्रजीत एका अक्षराची शेपटी दुसऱ्याला लागलेली असते ती सुटते आणि मराठीत शिरोरेषेचे तुकडे पडतात, लांबनं तुटक्या कुंपणासारखं दिसतं. इंग्रजीला झाफिनो फॉन्ट घेणार असाल (हर्मान झाफचा, १९९८ चा, मॅकवर असतोच) तर त्याच्या शेपट्या वर-खाली लांब जातात, दोन ओळींत अंतर भरपूर सोडा.

जाता जाता, ती सर्टिफिकेटवाली अक्षरं मुळात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचे, म्हणून त्यांना कॉपरप्लेट म्हणतात, आणि आपल्या मिरजेत पटवर्धनांनी १८०५ ला भगवद्गीता छापून घेतली ती पण तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी कोरूनच, तांबटाकडनं. सगळं उलटं कोरायचं, आरशात दिसतं तसं! तेव्हा तुमच्या मराठी ओळीला इंग्रजीकडनं उधार घ्यायची काही गरज नाही.

सांगलीचा_डीटीपीवाला:
वा, भारी माहिती दिलीत सगळ्यांनी. अमिता बोल्डमध्ये "मानपत्र" लावलं, कऱ्हाड पण बरोबर आलं. टिरो डाउनलोड करतोय. आता संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला की इंग्रजी नाव सगळं कॅपिटलमध्ये पाहिजे, त्याच तिरक्या फॉन्टमध्ये, म्हणजे मोठं दिसेल म्हणे. काय सांगू?

बोरू_आणि_दौत:
त्या फॉन्टांची कॅपिटल अक्षरं शब्दाच्या सुरवातीला एकच यावं अशी काढलेली असतात, सगळीच टाकली की शेपट्यांचा गुंता होतो आणि नाव वाचताच येत नाही. तोंडानं सांगून पटणार नाही त्यांना. साध्या कागदावर दोन्ही प्रिंट काढा आणि सेक्रेटरींनाच मोठ्यानं वाचायला लावा.

मिरज_प्रेस:
आणि फॉइलचा ब्लॉक करायला टाकायच्या आधी त्याच प्रिंटवर त्यांची सही घ्या, नंतर स्पेलिंगवरनं वाद नको.