‘समाचार घेणे’ : आजाऱ्याचा की अपराध्याचा?

नगरकर

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, वार्षिक अहवाल टाइप करायला दिला होता. दरवर्षी त्यात एक ठरलेलं वाक्य असतं: ‘समाचार समितीने वर्षभर आजारी, वृद्ध व शोकग्रस्त सभासदांचा समाचार घेतला.’ टाइप करणाऱ्या मुलाने ते खोडून ‘सभासदांची विचारपूस केली’ असं केलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “काका, समाचार घेतला म्हणजे झापलं ना? आजारी माणसाला कोण झापतं?”

त्याचं चुकलं असं मला म्हणता येईना. वर्तमानपत्रात रोज कोणी ना कोणी कोणाचा तरी ‘खरपूस समाचार’ घेत असतो. पण आमच्या घरी हा शब्द आजीच्या तोंडी होता. रविवारी चर्चमधली भक्ती संपली की ती म्हणायची, “चल रे, पाटीलवाड्यातल्या म्हातारीचा समाचार घेऊन येऊ.” पिशवीत भाकरी, पिठल्याचा डबा आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल.

हा अर्थ फक्त ख्रिस्ती मराठीत उरला आहे का? आणि अहवालात शब्द बदलावा का? जाणकारांनी सांगावं.

शब्दवेडा

नगरकर, आजीचा अर्थ आधीचा आहे. समाचार हा संस्कृत शब्द ‘चर्’ धातूवरून आलेला. चर् म्हणजे चालणे, फिरणे. संस्कृतात समाचार म्हणजे वर्तन, आचरण. पुढे त्याचा अर्थ बातमी, खबर असा झाला. एखाद्याचा समाचार घेणे म्हणजे तो कसा आहे, त्याचं कसं चाललं आहे ते जाणून घेणे.

मग त्यातून झापणं कसं निघालं? हिंदी-उर्दूतल्या ‘खबर लेना’ची तीच गत आहे. आजाऱ्याची खबर घेतात, आणि ‘तेरी खबर लूँगा’ ही धमकीही असते. मराठीला तर ही खोडच आहे. हजेरी घेणे, पूजा बांधणे, प्रसाद देणे, पाहुणचार करणे, सगळे आदराचे नाहीतर साधे शब्द, आणि सगळ्यांना झापण्याचा किंवा मार देण्याचा दुसरा अर्थ चिकटलेला. समाचाराच्या बाबतीत दुसऱ्या अर्थाने पहिल्याला जवळजवळ गिळलं, एवढाच फरक.

फक्त ख्रिस्ती मराठीतच उरला म्हणणं मात्र जास्त होईल. आमच्याकडे गावी ‘समाचाराला जाणे’ हे दुखवट्याच्या घरी जाण्यासाठी मी ऐकलं आहे.

दूरदेशी

मी थोडंफार भाषांतर करते, मूळ भाषांत डोकावायची सवय आहे. मराठी बायबलात हा शब्द दोन फार महत्त्वाच्या जागी आहे. मत्तय 25:36, ‘आजारी होतो तेव्हा तुम्ही माझा समाचार घेतला’. आणि याकोब 1:27, जिथे ‘अनाथ व विधवा ह्यांच्या संकटात त्यांचा समाचार घेणे’ हेच शुद्ध धर्माचरण म्हटलं आहे. दोन्हीकडे मूळ ग्रीक क्रियापद एकच आहे, एपिस्केप्तोमाय. नीट पाहणे, जाऊन पाहणे, काळजी वाहणे. ‘एपिस्कोपोस’, म्हणजे ज्यावरून बिशप हा शब्द आला, तो याच कुळातला. पदाच्या मुळाशीही जाऊन पाहणंच आहे.

आणि नगरकर, तुमच्या टाइप करणाऱ्या मुलाला हे सांगाच. जुन्या करारातलं, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातलं, हिब्रू क्रियापद ‘पाकाद’ हुबेहूब आपल्या समाचारासारखं दुतोंडी आहे. उत्पत्ती 21:1 मध्ये परमेश्वर अब्राहामाच्या बायकोची, सारेची, आठवण ठेवून तिच्याकडे वळतो तिथे तेच, आणि निर्गम 20:5 मध्ये बापाच्या अन्यायाची झळ मुलांना पोचवतो तिथेही तेच. कृपेने वळून पाहणं आणि जाब घेणं, दोन्ही एकाच शब्दात. हे जुळणं भाषांतरकारांनी ठरवून केलं असेल असं मी म्हणणार नाही, पण शब्द फार चपखल बसला आहे.

वसईची लेक

आमच्याकडे कॅथलिकांत ‘आजाऱ्यांची भेट’ म्हणतात. कामाची पद्धतही थोडी निराळी. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद दोघा-दोघांनी घरी जातात. 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने सोबत्यांना घेऊन ती सुरू केली. तेव्हापासून घरी जाऊन भेटणं हे तिचं मुख्य काम. मदत पाठवून द्यायची नाही, घेऊन जायची. शिवाय 1973 पासून प्रापंचिकांनाही, म्हणजे धर्मगुरू नसलेल्यांनाही, ख्रिस्तशरीर (कम्युनियनची पवित्र भाकर) वाटायची परवानगी मिळू लागली. माझी आई बारा वर्षं अंथरुणाला खिळलेल्यांना कम्युनियन नेऊन देत होती. ती ते काढून द्यायची तेव्हा ज्यांना माणसंही ओळखू येत नव्हती असे म्हातारे हात जोडायचे.

मला ‘भेट’ हा शब्द बरा वाटतो. सरळ आहे.

नगरकर

ताई, तुमच्या आईंबद्दल वाचून थांबलो काही वेळ. ‘भेट’ला माझा विरोध नाही. पण भेट मंत्रीही देतात, आणि लग्नात पाकिटातूनही देतात. ‘अजिंठ्याला भेट दिली’ असंही म्हणतो. भेटीत जाणारा दिसतो. समाचारात ज्याच्याकडे जायचं तो दिसतो, त्याचं काय चाललं आहे ते दिसतं.

‘विचारपूस’ तर आता फोनवर होते. “कसे आहात? काळजी घ्या.” झाली.

दूरदेशी

याच संदर्भात आणखी एक शब्द, मला अतिशय आवडणारा: पंक्तिसेवा. बायबलातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 6. यरुशलेमेच्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटणीत सुटत होत्या. तक्रार झाली. प्रेषित, म्हणजे येशूचे निवडलेले शिष्य, म्हणाले, आम्ही देवाचं वचन सोडून पंक्तिसेवा करावी हे ठीक नाही; आणि सात जण निवडले गेले. स्तेफन त्यातला पहिला.

मूळ ग्रीकमध्ये ‘मेजांची सेवा’ आहे. मराठीने मेज काढून पंगत मांडली! पंगत वाढताना ज्याचं लक्ष असतं की शेवटच्या पानापर्यंत भात गेला का, तेच हे काम. पण यातली खरी गोष्ट पुढे आहे. दोन ओळींनंतर प्रेषित ‘वचनाची सेवा’ म्हणतात, तिथेही सेवेला तोच शब्द, ‘दियाकोनिया’. पंगत वाढणं आणि उपदेश करणं यांना ग्रीकमध्ये एकच नाव, आणि मराठीतही एकच, सेवा. आपण मात्र बोलताना ‘पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) सेवेत आहेत’ म्हणतो आणि डबा पोचवणाऱ्या बाईला ‘मदत करतात बिचाऱ्या’ म्हणतो. मला हे खुपतं.

मी अमेरिकेत राहते तिथल्या चर्चमध्ये याच स्तेफनाच्या नावाने एक सेवा चालते, स्टीफन मिनिस्ट्री. 1975 मध्ये सेंट लुइस शहरात केनेथ हॉक या पाळकाने ती सुरू केली. साधे सभासद 50 तासांचं शिक्षण घेतात आणि मग एकाच माणसाची जबाबदारी उचलतात. आठवड्यातून एकदा, साधारण तासभर, बाईकडे बाई, पुरुषाकडे पुरुष. जे कानावर पडेल ते बाहेर काढायचं नाही. शिक्षणाचा मोठा भाग कशाचा, तर ऐकण्याचा. माझ्या यजमानांच्या आजारपणात माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका येत असे. पहिल्या चार भेटींत तिने मला एकही सल्ला दिला नाही. पाचव्या भेटीत मी रडले.

तिने जे केलं त्याला मराठीत काय म्हणू? समुपदेशन नव्हे, ती तज्ज्ञ नव्हती. नगरकरांचा धागा वाचला आणि उत्तर सापडलं. ती माझा समाचार घ्यायला येत होती.

शब्दवेडा

मीही विचार करतो आहे. व्याकरणाच्या अंगाने दोन्ही अर्थांची रचना सारखीच, ‘अमक्याचा समाचार घेणे’. अर्थ ठरतो तो सोबतच्या शब्दांनी. ‘खरपूस’, ‘चांगलाच’ आले की झापणं. आजार, संकट, शोक आले की सांत्वन. अहवालातल्या वाक्यात ‘आजारी, वृद्ध व शोकग्रस्त’ आहेच, तेव्हा वाचणारा गोंधळायचं कारण नाही. पहिल्यांदा दचकेल, हे मान्य.

नगरकर

समितीत काल हा विषय काढला. समिती म्हणजे सात-आठ जण: दोन निवृत्त परिचारिका, एक रिक्षावाले, एक बँकेतून निवृत्त झालेले, बाकी महिला मंडळातल्या. पाळकसाहेब यात नसतात. सलग दोन रविवार कोणी भक्तीला दिसलं नाही की नाव वहीत येतं. मग जो जवळ राहतो तो जातो. कधी प्रार्थना, कधी गीत, पण बहुतेक वेळा हयातीचा दाखला, गॅसचा नंबर, दवाखान्याची फाइल, पायाला तेल. एका आजोबांकडे वर्षभर दर गुरुवारी फक्त कॅरम खेळायला जाणं होतं; वहीत तेही ‘समाचार’ याच रकान्यात आहे.

परिचारिका होत्या त्या बाई म्हणाल्या, “शब्द काढू नका. नवीन पोरांना अर्थ माहीत नसेल तर त्यांना बरोबर घेऊन जाऊ.”

टाइप करणाऱ्या मुलाला विचारलं. येत्या रविवारी तो रिक्षावाल्या काकांबरोबर जाणार आहे. अहवालात वाक्य होतं तसंच ठेवलं आहे.