मदत हवी आहे: टनेल भट्टीत खालचे थर कच्चे, वरचे खंगर. शटडाउनमध्ये आधी काय सुधारावं?

वीटवाला_कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

सांगली जिल्ह्यात आमचा यांत्रिक वीट कारखाना आहे. माती म्हणजे नदीकाठचा पोयटा, त्यात थोडी काळी माती आणि साखर कारखान्याच्या बॉयलरची राख. पूर्वी उघड्यावर भट्ट्या रचायचो. पावसाळ्यात धंदा पूर्ण बंद, शिवाय वीट पाडणारी माणसं दरवर्षी कमी होत चालली. म्हणून वडिलांनी आणि काकांनी कर्ज काढून टनेल भट्टी बांधली, म्हणजे लांब बोगद्यासारखी भट्टी, जिच्यातून विटांच्या ट्रॉल्या पुढे सरकत भाजल्या जातात. भट्टी बाराही महिने चालते, त्याबद्दल तक्रार नाही. पण माल एकसारखा निघत नाही आणि कोळसा परवडत नाही.

भट्टीची माहिती आधी देतो. लांबी ६० मीटर, आतली रुंदी २.२ मीटर, छत कमानीचं. २ मीटर लांबीच्या ३० ट्रॉल्या एका वेळी आत असतात. पहिल्या ११ जागा तापवणीच्या, पुढच्या ७ जागांवर जाळ, उरलेल्या १२ थंडावणीच्या. साधारण ७० मिनिटांनी पुशर एक ट्रॉली ढकलतो, म्हणजे वीट ३५ तास आत असते. एका ट्रॉलीवर १२०० विटा. कोळशाची पूड छतातल्या भोकांतून सोडतो, थोडी मातीतही मिसळतो. थंडावणीतली गरम हवा कच्च्या विटा वाळवणाऱ्या ड्रायरला नेली आहे. ट्रॉलीवर २५० मिलिमीटर जाडीचा भरीव फायरब्रिकचा थर आहे, त्याचंच वजन दोन टनांच्या आसपास जातं. विटा भरतात साडेतीन टन.

आता दुखणं सांगतो. आठव्या जागेवर वरच्या थरात ६२० अंश असतात तेव्हा खालच्या थरात जेमतेम २८०. जाळात गेल्यावर वर १०२० आणि खाली ८६०. खालच्या दोन थरांतली वीट हातात घेतली की लगेच कळतं. रंग फिकट, दोन विटा एकमेकींवर वाजवल्या तर बद्द आवाज. फोडली की मधोमध काळा गाभा आणि कडेनं फक्त नखाएवढी लाल पट्टी. २४ तास भिजवून वजन केलं तर पाणी २२-२३ टक्के पिते. आय.एस. १०७७ या भारतीय मानकात साध्या विटेला २० टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे सरकारी कामाचा माल परत येतो. वरच्या दोन थरांत नेमकं उलटं. विटा फुगून एकमेकींना चिकटतात आणि खंगर म्हणून पडून राहतात.

एका किलो पक्क्या विटेमागे आमची १.९ मेगाज्यूलच्या आसपास उष्णता जाते. झिगझॅग भट्टीवाले (विटा अशा रचतात की गरम हवा नागमोडी वाटेनं जाते) १.१ चा आकडा सांगतात. टनेल सगळ्यात पुढची म्हणून घेतली, आणि खर्च झिगझॅगपेक्षा जास्त?

भट्टी बांधून देणाऱ्यांचा सल्ला एकच, जाळ वाढवा. जाळ वाढवला की वर खंगर वाढतो, खाली काही फरक पडत नाही. आणखी एक सांगायचं म्हणजे, जाळाच्या भागात चाकांची बेअरिंग जाम व्हायची, म्हणून ट्रॉल्यांखालच्या भुयारात मालाच्या बाहेर पडण्याच्या टोकाकडून एक ब्लोअर लावला आहे. बेअरिंगचा त्रास तेव्हापासून थांबला.

पुढच्या महिन्यात भट्टी थंड करणार आहोत. भट्टी पुन्हा पेटवून लयीत यायला बराच वेळ जातो, त्यामुळे अशी संधी लवकर मिळणार नाही. डोक्यात तीन कामं आहेत: तापवणीत वायू फिरवणारे पंखे, हलक्या ट्रॉल्या, आणि कमान पाडून टांगतं सपाट छत. पैसे एकाच मोठ्या कामापुरते आहेत. अनुभवी लोकांनी कृपया सांगावं, कुठून सुरुवात करू? कारखान्यावर तीसेक घरं अवलंबून आहेत, म्हणून अंदाजानं काही करायचं नाही.

मोरबीकर

मी सॅनिटरीवेअरच्या टनेल भट्टीवर काम करतो. माल वेगळा, पण दुखणं ओळखीचं आहे.

तापवणीचा भाग कायम ओढीत असतो, कारण आयडी फॅन, म्हणजे चिमणीकडे धूर ओढणारा मोठा पंखा, तिथूनच धूर खेचतो. जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत येते, आणि फटी बहुतेक खालीच असतात: सँड सील (ट्रॉलीच्या कडेची पट्टी वाळूच्या खाचेत बुडवून हवा अडवतात ती जागा), दोन ट्रॉल्यांमधला सांधा, दरवाजा. गार हवा जड, ती तळाशी बसते. गरम वायू छताला चिकटून पळतो. जाळ वाढवून हे बदलत नाही, बांधून देणाऱ्यांनी काहीही सांगितलं तरी.

तिन्ही कामं तूर्त बाजूला ठेवा आणि भट्टी चालू असतानाच ऑक्सिजन मोजा. साखर कारखान्याच्या बॉयलरवाल्यांकडे हातात धरायचा अ‍ॅनलायझर असतो, तो मागून आणा. एक रीडिंग जाळ सुरू होतो तिथे, म्हणजे अकराव्या-बाराव्या जागेच्या मध्ये. दुसरं आयडी फॅनच्या आधी. दोन्ही इथे टाका.

झिगझॅग_सोलापूर

दादा, १.९ आणि १.१ ची तुलना करून मनाला लावून घेऊ नका. आमची कच्ची वीट उन्हात वाळते. तुमच्या आकड्यात ड्रायर धरलेला आहे. एक्स्ट्रूडरमधून (माती दाबून विटेचा आकार देणाऱ्या यंत्रातून) निघणाऱ्या मातीत किलोमागे २०० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, ते वाफ करून घालवायलाच निदान अर्धा मेगाज्यूल लागतो. ते वजा केलंत तर तुमची भट्टी १.४ वर आहे. तीही जास्तच, पण दुप्पट नाही.

आणि टनेल घेतलीत ते चुकलं असं मला वाटत नाही. केंद्राच्या फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेनंतर जुन्या पद्धतीच्या भट्ट्यांना झिगझॅग किंवा व्हर्टिकल शाफ्टकडे वळा, नाहीतर पाइपचा गॅस वापरा, असं सांगितलंय. आम्ही तेव्हाच वळलो. पण जूनमध्ये पाणी भरलं की आमचं सगळं ठप्प. तुमच्या जागी मी असतो तर भट्टी नीट करण्याच्याच मागे लागलो असतो.

वीटवाला_कृष्णाकाठ

मोरबीकर, सोलापूरकर, दोघांचे आभार. अ‍ॅनलायझर मिळाला. जाळाच्या तोंडाशी १२ टक्के, आयडी फॅनच्या आधी १८ टक्के. फॅनजवळ वायूचं तापमान ९५ अंश. याचा अर्थ कसा लावायचा?

मोरबीकर

बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के. जाळाच्या तोंडाशी १२, म्हणजे फरक ९ चा. फॅनजवळ १८, म्हणजे फरक ३ चा. ९ भागिले ३, वायू वाटेत तिप्पट झाला. तुमचा फॅन जे तीन भाग ओढतोय त्यातले दोन भाग तापवणीत शिरलेली गार हवा आहे. शिवाय मातीत मिसळलेला कोळसा याच पट्ट्यात ऑक्सिजन खातो, तो हिशोबात घेतला तर खरी गळती याहूनही जास्त भरेल.

आता तुमच्या ब्लोअरबद्दल. बेअरिंग का जळत होती? जाळाच्या भागात वर दाब जास्त, म्हणून गरम वायू सांध्यांतून खाली उतरत होता. तुम्ही खालून हवा मारलीत, तिथे ते बरोबर झालं. पण ती हवा तिथे थांबत नाही. भुयार सरळ असल्यामुळे ती ट्रॉल्यांखालून थेट तापवणीपर्यंत जाते, आणि तिथे वर ओढ, खाली दाब अशी स्थिती होते. मग प्रत्येक सांध्यातून हवा वर चढते. माझ्या मते तुमच्या खालच्या थरांचा मोठा शत्रू हाच आहे.

खात्री करून घ्या. पाचव्या-सहाव्या जागेच्या तपासणी खिडकीतून ट्रॉलीच्या पट्टीजवळ उदाचा धूर धरा. धूर सांध्यात ओढला गेला तर मी म्हणतो ते खरं. एक मात्र कळकळीनं सांगतो: भट्टी चालू असताना भुयारात एकट्यानं उतरू नका. तिथे कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो, त्याला वास नसतो.

मृत्तिका

मी सिरॅमिक शिकवायचे, आता निवृत्त आहे. मोरबीकरांचं निदान मला पटतं. थोडी भर घालते.

काळा गाभा म्हणजे आत अडकलेला, न जळलेला कार्बन. तो साधारण ७०० ते ९०० अंशांमध्ये, भरपूर ऑक्सिजन आणि पुरेसा वेळ मिळाला तरच बाहेर पडतो. तुमची खालची वीट तापवणीत थंडच राहते आणि मग एकदम जाळात जाते. बाहेरचं अंग घट्ट व्हायला लागतं आणि आतल्या कार्बनला वाट उरत नाही. म्हणून खाली उष्णता कमी पडते म्हणून खालच्या विटांच्या मातीत कोळसा वाढवायचा विचार मनात आला असेल, तर तो आत्ता करू नका. व्हिएतनाममध्ये टनेल भट्ट्यांत इंधनाचा मोठा वाटा मातीतच घालतात, पण तापवणी ताब्यात असेल तरच ते जमतं.

रचाईकडे बघा. विटांच्या वरच्या थरापासून कमानीच्या मध्यापर्यंत किती फट आहे? वायू सोप्या वाटेनं जातो. वर वीतभर मोकळी जागा आणि खाली विटा दाटीनं लावलेल्या, तर तो खाली कशाला उतरेल? खालच्या दोन थरांत विटांमधली फट वाढवा, वर कमी करा, आणि मध्यभागी कमानीच्या आकाराप्रमाणे एखादा जादा थर चढवा. याला पैसे लागत नाहीत आणि शटडाउनचीही वाट बघायला नको.

वीटवाला_कृष्णाकाठ

ताई, फट मोजली. कडेला ७० मिलिमीटर, मध्यभागी जवळपास २००. नव्या पद्धतीनं रचाई सुरू केली आहे.

मोरबीकर, धूर धरला. पाचव्या जागेवर असा सटकन आत गेला की बघणारे सगळे गप्प झाले. ब्लोअर थोडा वेळ बंद ठेवून पुन्हा धरला तर ओढ बरीच कमी झाली. पण ब्लोअर बंद ठेवला तर बेअरिंग जातील. मग सपाट छताचा विचार सोडून द्यायचा का?

मोरबीकर

छत सध्या सोडा. तुमचे पैसे भुयारात घाला.

ब्लोअर राहू द्या, पण त्याची हवा जाळ सुरू होतो तिथेच, बाराव्या जागेखाली, भिंतीतून डक्ट काढून बाहेर ओढा. ती कोमट हवा असते, ड्रायरला चालते. तिथून तापवणीकडे जाणारं भुयार अडवायचं. प्रत्येक ट्रॉलीच्या चासीखाली (लोखंडी सांगाड्याखाली) आडवा पत्रा, आणि त्याच्या मापाची चौकट भुयाराच्या भिंतींना. दोन्हींत बोटभर फट पुरे. मग तापवणीखालच्या भुयारातून डँपर (हवा कमीजास्त करायची झडप) लावलेला एक छोटा पाइप आयडी फॅनला जोडा. वर समजा उणे ३ मिलिमीटर पाण्याची ओढ असेल तर खालीही तेवढीच आणायची. वर-खाली दाब सारखा झाला की फट असूनही हवा चढत नाही. काचेची यू नळी असली की मोजायला पुरे.

सँड सील पूर्ण उघडून बघा. वाळू ट्रॉलीबरोबर पुढे सरकते, त्यामुळे आत शिरण्याच्या टोकाला खाच रिकामी पडते, म्हणजे जिथे सर्वात गरज तिथेच. त्या टोकाला वाळू सोडणारी नळी दोन्ही बाजूंना हवी. वाकलेल्या पट्ट्या बदला. दोन ट्रॉल्यांच्या सांध्यात सिरॅमिक ब्लँकेटची गुंडाळी दाबून बसवा.

पंख्यांची वेळ यानंतर येते. छताजवळचा वायू ओढून ट्रॉलीच्या पातळीवर कडेनं जोरात सोडायचा, २०० ते ५०० अंशांच्या पट्ट्यात दोन-तीन ठिकाणी. पण गळती तशीच ठेवून पंखे लावले तर गार हवाच ढवळत बसाल. आत्ता फक्त भिंतीत त्यासाठी भोकं ठेवून बंद करा.

मृत्तिका

ट्रॉल्यांबद्दल एक. त्या तर रोज बाहेर येतात. हलक्या करण्यासाठी शटडाउन खर्ची घालू नका. कडेनं पोकळ फायरब्रिक, मध्ये सिरॅमिक फायबर, वर पातळ लादी, अशा पद्धतीनं जमेल तशा एकेक बदलत जा. दोन टनांचा भरीव थर तापवायला लागणारी उष्णता खालच्या थराच्या वाट्याची असते. तोवर निदान सगळ्यात खालचा थर पोकळ ठोकळ्यांवर उचलून ठेवा, म्हणजे त्याच्या खालूनही वायू जाईल.

वीटवाला_कृष्णाकाठ

आता चित्र स्पष्ट झालं. शटडाउनमध्ये भुयार, सँड सील, डँपरचा पाइप आणि पंख्यांसाठी भोकं. ट्रॉल्या हळूहळू. छत नाही. काकांना ऑक्सिजनचा हिशोब वहीत मांडून दाखवला, त्यांनी लगेच होकार दिला.

नव्या रचाईच्या पहिल्या ट्रॉल्या बाहेर आल्या. वरचा खंगर कमी झाला आहे, खाली काळा गाभा अजून आहे पण लाल पट्टी रुंद झाली.

एक प्रश्न राहतो. आमच्या चासी जुन्या, सगळ्यांची उंची तंतोतंत सारखी नाही. कुठे दोन बोटं, कुठे तीन बोटं फरक. भुयारातल्या चौकटीशी बोटभर फट ठेवायची तर पत्रा खालीवर करता येईल असा बसवावा लागेल. नटबोल्टला लांबट भोकं ठेवून कोणी असं केलंय का? उष्णतेनं बोल्ट आवळून बसतात का, आणि पत्रा किती जाडीचा घेतलात? कोणाकडे हाताने काढलेलं रेखाटन असलं तरी चालेल, कृपया इथे टाका. फॅब्रिकेटरला सोमवारी मापं द्यायची आहेत.